खो कुणाला द्यायचा

समोरच्या संघातली मुलगी माझ्या नाकासमोर उभी राहून वेणीची रिबीन बांधत होती.

खो-खोची उपांत्य फेरी चालली होती. मैदानाच्या चारी बाजूंनी पोरंपोरी घसा फुटेस्तोवर ओरडत होत्या, चुन्याच्या रेघा पायांनी पुसून गेल्या होत्या, नाकातोंडात धूळ जात होती. आणि जिला पकडायला आमचा अख्खा संघ जिवाचं रान करत होता ती मुलगी माझ्यापासून हातभर अंतरावर, रिबिनीचं एक टोक दातात धरून, निवांत गाठ मारत होती. मी चौथ्या चौकोनात बसले होते. एक पाय पुढे, एक मागे, बोटं जमिनीला टेकलेली, अंग उठायला तयार. हात लांब केला असता तर तिच्या घोट्याला लागला असता. पण बसलेल्या मुलीला तसं करता येत नाही. आधी मागून पळत येणाऱ्या आपल्या मुलीने पाठीवर थाप मारून 'खो' म्हणायचं, तेव्हा कुठे उठून धावायचं, आणि उठवणारीने आपल्या जागी बसायचं. खो-खोचा सगळा खेळ त्या एका थापेवर चालतो.

मागून मोनाली येत होती. आमची कॅप्टन. तिची पावलं मला पाठीनेच ऐकू यायची. आता ती अगदी मागे आली. आता थाप पडणार, असं नेहमीसारखं माझ्या पाठीला वाटलं, आणि नेहमीसारखीच ती पुढे निघून गेली. माझ्यापलीकडे एक जागा सोडून बसलेल्या मुलीला तिने खो दिला. तोवर समोरची मुलगी गाठ आवळून, वेणी पाठीवर टाकून, दुसऱ्या बाजूला पसार झाली होती.

थोड्या वेळाने ती परत आली. पुन्हा माझ्याच समोर. या वेळी कमरेवर हात ठेवून तिने दम खाल्ला आणि खाली माझ्याकडे पाहिलं.

"तुला खो देतच नाहीत ना गं?"

आवाजात चेष्टा नव्हती. यष्टीच्या थांब्यावर शेजारच्या बाईला 'कराडची गाडी गेली का' असं विचारावं, तसं तिने विचारलं. मी काही बोलले नाही. बसलेल्या मुलीने समोरच्या संघाशी बोलायचं नसतं, हे एक कारण. आणि दुसरं असं, की वर्षभरात हा प्रश्न मला विचारणारी ती पहिलीच होती.

तिचं नाव रेश्मा. बाहेरून तिच्या मैत्रिणी 'रेश्मे, पळ' म्हणून ओरडत होत्या, त्यावरून कळलं.

नागझरीच्या आमच्या कन्याशाळेत पोरींना खो-खोचं वेड होतं. गावात घराघरांतून शाळेच्या संघाचे फोटो लावलेले असत. आईचा, आत्याचा, थोरल्या बहिणीचा. मी आठवीत असताना संघात आले, कारण बसल्या जागेवरून उठण्यात माझ्याइतकी चपळ दुसरी कुणी नाही असं आमच्या खाडे सरांचं मत होतं. आणि त्या चपळाईनेच घात केला. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात शेवटची मुलगी माझ्या समोरून पळत होती, मागून मोनाली खो द्यायला येत होती, आणि मला अशी काही घाई झाली की मोनालीचा हात पाठीला लागायच्या आधीच मी उठले. पंचांची शिट्टी वाजली. फाऊल. मोनालीला उलट्या दिशेने माघारी जावं लागलं, तेवढ्यात वेळ संपली आणि ढाल दुसऱ्या शाळेला गेली. मोनालीच्या काकांनी म्हणे गावात गुलाल आणून ठेवला होता. परतीच्या वाटेवर ती घरापर्यंत रडत होती. मीही रडत होते, पण ते कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले तर माझं नाव बदललेलं होतं. स्प्रिंग.

आधी ते हसण्यावारी गेलं. वर्गात मी बाकावरून उठले की मागून 'टुंई' असा आवाज यायचा. प्रार्थनेला उभं राहताना, पाणी प्यायला जाताना, फळ्यावर गणित सोडवायला जाताना, टुंई. मग डबा खाताना गोलातली माझी जागा भरलेली दिसायला लागली. मग मैदानावर कुणी खो देईना. संघात कुणाला घ्यायचं हे सरांच्या हातात होतं, खो कुणाला द्यायचा हे नव्हतं. सर बघत असले की मोनाली मला मेलेला खो द्यायची. म्हणजे पळणारी मुलगी पार दुसऱ्या खांबाला पोचली की मग. मी उठून उगाच धावायचे आणि मागे सगळ्या तोंडावर हात ठेवून हसायच्या. मोनाली दहावीत, आम्ही बहुतेक नववीतल्या. तिला ताई म्हणावं लागे, आणि ताईने सांगितलं की झालं.

घरी कुणाला काही कळलं नाही. उलट सगळ्यांना बरंच वाटलं. आई जेवायला हाक मारायची तर मी पहिल्या हाकेला उठत नसे. दुसरी हाक येईपर्यंत बसून राही, न जाणो पहिली माझ्यासाठी नसली तर. वर्गात उत्तर येत असून हात वर करत नसे. पाहुणे आले की कोपऱ्यात बसून असे. आत्या म्हणाली, पोरगी आता वळणाला लागली हो, पूर्वी काय उड्या मारायची. आईने कौतुकाने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. सकाळी पोटात कळ यायची त्यावर ओवा मिळायचा.

नववीच्या त्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी आईला सांगून टाकलं होतं, की उद्या शेवटचं, यापुढे मैदानावर जायचं नाही. आई बरं म्हणाली. मला त्या दिवसाकडून फार काही नको होतं. ढाल नको, फोटो नको. जिवंत असा एक खो हवा होता. समोर पळणारी मुलगी, मागून थाप, आणि मी वेळेवर उठलेय, एवढंच. म्हणजे मग सोडून देताना निदान माझं मलाच माहीत असतं की मला येतं.

आणि पहिल्या डावात मी चौथ्या चौकोनात बसले ते बसूनच राहिले. खो-खोत सगळ्यांच्या जागा सारख्या बदलत असतात. जी खो देते ती घेणारीच्या जागी बसते. माझी जागा तेवढी बदलली नाही. माझ्या पायाच्या बोटांनी जमिनीत खळगा पडला होता.

खाडे सर असते तर कदाचित त्यांच्या लक्षात आलं असतं. पण स्पर्धेत शाळाशाळांचे सरच पंच असतात, आणि त्यांना पलीकडच्या मैदानावर मुलांच्या सामन्यांना उभं केलं होतं. आमच्याबरोबर देसाई बाई होत्या, शिवणकामाच्या. मुलींबरोबर बाई हव्यात म्हणून आलेल्या. त्यांना खो-खोतलं काही कळत नव्हतं. त्या आमच्या पिशव्यांच्या ढिगाला टेकून पेरू कापत होत्या आणि दोन्ही संघांना सारख्याच टाळ्या वाजवत होत्या.

डाव संपला तेव्हा समोरच्या शाळेचे गुण आमच्यापेक्षा जास्त होते, आणि रेश्माला कुणी हात लावू शकलं नव्हतं. मोनालीने सगळ्यांना गोल करून उभं केलं. ती घामाने निथळत होती. ती पोरगी अधेमधे कुठे दम खाते तेच कळत नाही, ती म्हणाली, आपण एवढी दमतो आणि ती ताजीतवानी कशी? सगळ्या आपापल्या पायांकडे बघायला लागल्या. मी गोलाच्या बाहेर उभी होते, तिथूनही मला ते दिसत होतं, की सगळ्यांना उत्तर माहीत आहे.

"ती कल्याणीताईच्या समोर जाऊन उभी राहते," सुवर्णा म्हणाली.

सुवर्णा कोळी आठवीतली. संघात सगळ्यात लहान, खिशात कायम चिंचेचं बुटुक, आणि नको तिथे फिस्सकन हसायची खोड. संघात ती त्याच वर्षी आली होती. तिने ते अशा सुरात सांगितलं, जसं काही ताईला खरंच माहीत नसेल आणि मदत करावी.

मोनालीने तिच्याकडे नुसतं पाहिलं. "तुला कुणी विचारलं?"

सुवर्णाने चिंच या गालातून त्या गालात घेतली.

मग पळायची पाळी आमची होती, आणि एक गोष्ट मान्य करायलाच हवी, मोनालीसारखं पळताना मी पुन्हा कुणाला पाहिलं नाही. बसलेल्या मुलींच्या मधून ती सुईत दोरा ओवावा तशी निघून जायची. खांबाला वळसा घालताना तिचं सगळं अंग जमिनीकडे कलायचं आणि पकडणारी हात पसरून पलीकडेच पडायची. समोरच्या शाळेच्या पोरीसुद्धा 'आई गं' म्हणत होत्या. तिने एकटीने एवढा वेळ खाल्ला की आम्ही पुन्हा सामन्यात आलो. ती बाहेर आली तेव्हा सगळ्या तिच्या गळ्यात पडल्या. माझेही हात पुढे झाले होते. ते मी पाण्याच्या तांब्याकडे नेले.

शेवटचा डाव. आता आम्ही बसायचं आणि त्यांनी पळायचं. मी पुन्हा चौथ्या चौकोनात. एकेक करून त्यांच्या मुली बाद होत गेल्या. गुण बरोबरीत आले, आणि मैदानात राहिली एकटी रेश्मा. तिला बाद केलं तर आम्ही अंतिम फेरीत. नाही तर पहिल्या डावातल्या जादा गुणांवर त्या पुढे, आणि आम्ही पिशव्या उचलून घरी.

माझ्या आजूबाजूला आग लागल्यासारखं झालं होतं. खो, खो, खो, थापांवर थापा पडत होत्या, या बाजूने एक उठतेय, त्या बाजूने दुसरी, कुणाच्या कोपराला खरचटलंय, कुणाच्या केसांची पिनच उडून मैदानात पडलीय. बाहेर कुणीतरी पत्र्याचा डबा बडवत होतं. आणि रेश्मा दोनतीनदा हुलकावणी देऊन, खांबाला वळसा घालून, सरळ माझ्याकडे आली. तिच्या हक्काच्या सावलीत. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. माझ्याकडे बघून ती थोडीशी हसलीसुद्धा. मीही हसले असेन. वर्षभरात माझ्याकडे बघून हसणारी तीच तर होती.

मागून पावलं आली. मोनालीची नव्हती, हलकी होती. मला त्यांचंही काही वाटलं नाही, कारण ती कुणाचीही असली तरी पुढेच जायची होती.

पाठीवर थाप पडली.

"खो."

मी उठले नाही.

खरंच सांगते, मी उठले नाही. माझ्या पाठीला ती थाप कळली, कानाला शब्द कळला, पण पाय विचारत होते की नक्की का. गेल्या वर्षी मीच लवकर उठले होते ना? ही चेष्टा असेल. आता उठले तर शिट्टी वाजेल आणि सगळं मैदान टुंई करेल. एक पापणी लवेल एवढाच वेळ गेला असेल, पण त्यात माझं अख्खं वर्ष मावलं.

"अगं कल्याणीताई, दिलाय," सुवर्णा माझ्या कानापाशी म्हणाली, आणि तिने मला अक्षरशः ढकललं. "ऊठ ना."

मग मात्र मी उठले ते कशी उठले मला माहीत नाही. रेश्माने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं ते हसू अजून पुरतं गेलंही नव्हतं. ती वळली, तिने पलीकडच्या फटीकडे झेप घेतली, आणि मी पाय जमिनीवरून सोडून दिले. सगळी आडवी झाले. हनुवटी मातीत घासली. उजव्या हाताच्या बोटांना तिची टाच लागली. गरम, धुळीची, माणसाची टाच.

शिट्टी वाजली. मी डोळे मिटून घेतले. शिट्टी म्हणजे फाऊल, एवढंच मला तोवर माहीत होतं. डोळे उघडले तर पंच हात वर करून उभे होते आणि रेश्मा शेजारीच जमिनीवर बसून टाच चोळत होती.

"तुला येतंय की गं," ती म्हणाली. "मग मघापासून बसलीस कशाला?"

आणि मी हसायला लागले. मातीत पालथी पडून, हनुवटीतून रक्त येत असताना, मला हसू आवरेना. सुवर्णा माझ्या पाठीवर येऊन पडली. तिच्यावर अजून दोघीतिघी. कुणाचा तरी गुडघा माझ्या बरगडीत रुतत होता आणि मला वाटत होतं, राहू दे, असाच राहू दे.

खाडे सर शिट्टी गळ्यात घेऊन पलीकडच्या मैदानावरून पळत आले. शेवटचा गडी कुणी बाद केला विचारलं, मला बघून 'मी म्हणत नव्हतो' असं कुणाला तरी म्हणाले आणि तसेच पळत परत गेले. देसाई बाईंनी माझ्या हनुवटीला हळद लावली. एवढं लागेपर्यंत खेळायचंच कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं.

अंतिम सामना दुपारी होता. मधल्या वेळात आम्ही त्या शाळेच्या व्हरांड्यात डबे उघडले. मी सवयीने खांबाआडच्या पायरीकडे निघाले होते.

"कल्याणी, इकडे ये. बस इथे."

मोनालीने हाक मारली होती. स्प्रिंग नाही, नाव घेऊन. तिने स्वतः सरकून तिच्या शेजारी जागा केली. मी बसले. तिने तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या भाकरीवर घातली, वर तेलाची धार सोडली. कुणीतरी मला लोणचं दिलं. कुणीतरी हनुवटी दुखतेय का विचारलं. आता माझी लेक पहिलीत आहे. ती शाळेतून आली की आज काय शिकवलं हे मी नंतर विचारते, डबा कुणाबरोबर खाल्लास हे आधी. त्या दुपारची ती भाकरी मला अजून जिभेवर आठवते. त्या भाकरीसाठी मी त्या घटकेला काहीही केलं असतं.

सुवर्णा नळावर पाय धूत होती. ती येतेय का हे मोनालीने मान वळवून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"फायनलला सुवर्णीला खो नाही. कुणीच द्यायचा नाही."

एकीने हळूच म्हणून पाहिलं, की पण ताई, तिच्यामुळेच तर. मोनालीने तिला पुढे बोलू दिलं नाही. मला न विचारता तिने दिला, ती म्हणाली, आज हे, उद्या आणखी काही; मग मी कॅप्टन कशाला? सगळ्या जेवायला लागल्या. मग मोनाली माझ्याकडे वळली आणि माझ्या भाकरीवरची चटणी बोटाने नीट पसरवली, लहान बहिणीला भरवावं तशी.

"तुझ्या शेजारच्या चौकोनात तिला बसवणार आहे. तुला पहिला खो मीच देईन. तू उठलीस की तिची पाठ आधी लागेल. तू पुढे जायचं." ती हसली. "एवढं केलंस की मागचं सगळं विसरलो आपण."

सुवर्णा ओल्या पायांनी आली. गोलात तिला कुठे बसावं कळेना. कुणी सरकलं नाही. ती थोडा वेळ डबा हातात धरून उभी राहिली, मग फिस्सकन हसली आणि देसाई बाईंकडे जाऊन बसली.

अंतिम सामन्याला तालुक्याचं निम्मं गाव लोटलं होतं. झाडांवर पोरं, भिंतीवर पोरं. समोरचा संघ उंचापुऱ्या मुलींचा, पायांत सगळ्यांच्या एकसारखे बूट. पहिली शिट्टी झाली आणि मोनालीने शब्द पाळला. तिने खांबाकडून दिशा घेतली आणि पहिलाच खो माझ्या पाठीवर दिला, खणखणीत, जिवंत, माझी पळणारी अगदी समोर असताना. मी उठले. या वेळी पायांनी काही विचारलं नाही. वारा कानात शिरला. पळणारी मुलगी मला बघून दचकली आणि बसलेल्यांच्या मधून पलीकडे गेली. आता मला तिकडे जाता येत नाही. माझ्याकडे पाठ करून बसलेलीला खो द्यायचा, म्हणजे ती तिला पकडेल.

माझ्याकडे पाठ करून पहिली बसली होती ती सुवर्णा.

"पुढे," मोनाली माझ्या जागी बसून ओरडली. "कल्याणी, पुढे जा."

सुवर्णाने मागे वळून पाहिलं नाही. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिला कळलेलं होतं. तिचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता आणि मणक्याचे मणी दिसत होते. खांदे किंचित आवळलेले, मान अगदी थोडी कानाकडे कललेली. वाट बघतेय, पण बघत नाहीय असं दाखवतेय.

ती पाठ मी ओळखली. स्वतःची पाठ कुणाला दिसत नाही. मला त्या दुपारी दिसली.

"खो," मी म्हणाले.

म्हणाले कसली, ओरडले. असं की झाडावरची पोरं एकदम गप्प झाली. माझी थाप तिच्या पाठीवर एवढ्या जोरात पडली की ती पुढे धडपडली, आणि धडपडत धडपडतच तिने त्या उंच मुलीच्या दंडाला हात लावला. ती मुलगी बघतच राहिली. मी सुवर्णाच्या जागी बसले. माझ्या शेजारी मोनाली होती, आमची तोंडं विरुद्ध दिशांना. तिने दातओठ खात विचारलं, तुला काय सांगितलं होतं?

"मला ऐकू आलं होतं, ताई," मी म्हणाले. वर्षभरात मोनालीला मी दिलेलं ते पहिलं उत्तर.

त्यानंतर जे झालं ते मी सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. पलीकडून येणाऱ्या मुलीने, जिने जेवताना ते अर्धं वाक्य म्हटलं होतं तिने, सुवर्णाला खो दिला. मग आणखी एकीने दिला. मग मला. मग पुन्हा सुवर्णाला. मोनाली तेवढी दरवेळी सुवर्णाला टाळून पुढे जात राहिली, पण एकीने टाळून काय होतंय, बाकीच्या सातजणी होत्या. आम्ही सगळ्या जागा बदलत राहिलो, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मला मैदानाचा प्रत्येक चौकोन बसायला मिळाला. कुठे माती मऊ होती, कुठे खडा टोचत होता. मला सगळीकडे बसायचं होतं.

आम्ही हरलो. त्या आमच्यापेक्षा चांगल्या खेळल्या, एवढंच.

परतीला शाळेने ठरवलेला टेम्पो होता. पुढे ड्रायव्हरशेजारी देसाई बाई आणि मोनाली, मागे हौद्यात आम्ही सगळ्या, पिशव्यांवर बसलेल्या. उसाच्या शेतांमधून रस्ता जात होता. सुवर्णाने कुठल्यातरी बांधावरच्या म्हशीला बघून 'खो' केलं आणि मग काही विचारूच नका. येणाऱ्याजाणाऱ्या सायकलवाल्यांना, मैलाच्या दगडांना, देवळाला, सगळ्यांना आम्ही खो देत सुटलो. मी तर उभी राहून देत होते. हनुवटी ठणकत होती, आवाज बसला होता. मला उठायला कुणी सांगितलं नव्हतं हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

देसाई बाईंनी मागच्या खिडकीतून डोकं काढलं. "म्हणजे जिंकलात का गं तुम्ही?"

"हरलो, बाई."

"मग एवढं ओरडताय कशाला?"

ते काही कुणाला सांगता येईना. आम्ही अजूनच हसत सुटलो. बाईंच्या खांद्यामागे मोनाली दिसत होती. ती मागे बघत होती. डोळे सुजलेले, गेल्या वर्षीसारखेच. आमच्याकडे बघतेय हे मला दिसल्याचं तिला दिसलं, तशी तिने मान पुढे फिरवली.

तिची दहावी. तिची ही शेवटची स्पर्धा होती, पुढल्या वर्षी ती या टेम्पोत असणार नव्हती.

"मोनाताई," मी खिडकीतून हाक मारली, "मागे येतेस का?"

ती वळली नाही. गाडी थांबवावी लागेल, असं काहीतरी पुटपुटली. देसाई बाईंना कशाचा काही पत्ता नव्हता, त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, थांबव रे बाबा, पोरींना पोरींत बसू दे, मलाही जरा पाय सोडता येतील.

टेम्पो थांबला. मोनाली उतरली आणि मागे येऊन फळीपाशी उभी राहिली. आमच्या हसण्याचा आवाज एकदम बंद झाला. उसाची पानं वाजत होती तेवढीच. तिने फळीला हात लावला नाही. ती खाली मान घालून उभी होती, आणि चढायचं की नाही हे तिला कळत नव्हतं.

सुवर्णाने पाय पोटाशी घेतले आणि जागा केली.